राज्यसभेच्या निवडणुकीचे गणित स्वतः कसे मांडावे

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले आणि ११ जूनच्या पहाटे निकाल लागला. सहाव्या जागेच्या लढतीत शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते मिळाली होती आणि भारतीय जनता पक्षाचे धनंजय महाडिक यांना २७. निवडून आले ते महाडिक. नियम ठाऊक नसलेल्या माणसाला या निकालात काही तरी काळेबेरे आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा निकाल ज्या रीतीने लागला ती रीत १९६१ च्या निवडणूक नियमांत तपशीलवार लिहिलेली आहे आणि गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही ती घरी बसून पडताळून पाहता येते. या निवडणुकीत आपण नागरिक मतदान करत नाही, आपण निवडून दिलेला आमदार आपल्या वतीने मत देतो. म्हणूनच त्याच्या मताचे पुढे काय झाले हे आपल्याला मोजता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ही मोजणी कशी करायची ते येथे क्रमाने सांगितले आहे.

जागा किती आणि कशा रिकाम्या झाल्या

राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत आणि त्या तीन तुकड्यांत विभागल्या आहेत. २०२० मध्ये सात जागा भरल्या गेल्या, २०२२ मध्ये सहा आणि २०२४ मध्ये सहा. मुदत संपल्यामुळे होणाऱ्या या निवडणुकीला द्वैवार्षिक निवडणूक म्हणतात आणि तिच्यात एका तुकडीतील सर्व जागा एकत्र भरल्या जातात. याउलट एखाद्या सदस्याचे निधन झाले, त्याने राजीनामा दिला किंवा तो लोकसभेवर निवडून गेला, तर मुदतीच्या मध्येच जागा रिकामी होते आणि त्या जागेसाठी पोटनिवडणूक घेतली जाते. राजीव सातव यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये रजनी पाटील अशाच पोटनिवडणुकीत बिनविरोध आल्या. २०२४ मध्ये पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले लोकसभेवर निवडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या दोन जागांवर धैर्यशील पाटील आणि नितीन पाटील हेही बिनविरोधच निवडून आले. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सदस्याला पूर्ण सहा वर्षे मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. त्यामुळे एखादी जागा किती मोलाची आहे हे ठरवताना ती कधीपर्यंतची आहे हे आधी पाहावे.

निवडणूक द्वैवार्षिक आहे की पोटनिवडणूक, याची खातरजमा करण्यामागे मुदतीपेक्षाही मोठे कारण आहे, कारण त्यावर सगळे गणित उलटेसुलटे होऊ शकते. २०१९ मध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेल्यामुळे गुजरातमधून दोन जागा रिकाम्या झाल्या. निवडणूक आयोगाने त्या दोन स्वतंत्र पोटनिवडणुका म्हणून घेतल्या. दोन्ही जागा एकाच मतदानाने भरल्या असत्या तर एका जागेसाठी एक तृतीयांशाहून थोडी जास्त मते पुरेशी ठरली असती आणि तेवढे संख्याबळ काँग्रेसकडे होते. स्वतंत्र मतदानात मात्र प्रत्येक जागेसाठी निम्म्याहून अधिक मते लागतात, त्यामुळे बहुमत असलेल्या भाजपला दोन्ही जागा मिळाल्या. काँग्रेसने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, परंतु निवडणूक प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दाद मागायची ती निकालानंतर निवडणूक याचिकेद्वारे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मला स्वतःला ही पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या हेतूशी विसंगत वाटते, पण गणित मांडणाऱ्याने ते प्रत्यक्षात लागू असलेल्या पद्धतीप्रमाणेच मांडले पाहिजे.

लढत होणार की नाही

अधिसूचना निघाली की कार्यक्रमातील तारखा लिहून घ्याव्यात. २०२२ मध्ये २४ मे रोजी अधिसूचना निघाली, ३१ मे हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, १ जूनला छाननी झाली आणि ३ जूनपर्यंत माघार घेता येत होती. या चारही तारखांत लक्ष ठेवायची ती माघारीची. त्या दिवशी दुपारी तीननंतर उमेदवारांची संख्या जागांइतकीच उरली तर मतदान होत नाही आणि सर्वांना बिनविरोध निवडून आल्याचे घोषित केले जाते. महाराष्ट्रात बहुतेक वेळा असेच घडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण, मेधा कुलकर्णी, अजित गोपछडे, मिलिंद देवरा, प्रफुल्ल पटेल आणि चंद्रकांत हंडोरे हे सहाही जण मतदानाविना राज्यसभेवर गेले. २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात उमेदवार उरले आणि १९९८ नंतर प्रथमच राज्यात या निवडणुकीसाठी मतदान झाले.

अर्ज कोण भरू शकतो, याकडे फार वेळ देण्याची गरज नाही. वय किमान तीस वर्षे हवे, देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवे, अनामत दहा हजार रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी पाच हजार. मात्र सूचकांची अट ध्यानात ठेवावी. विधानसभेच्या एकूण निवडून आलेल्या सदस्यांच्या दहा टक्के किंवा दहा सदस्य, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके आमदार सूचक म्हणून लागतात. महाराष्ट्रात ती संख्या दहा होते आणि चाळीस सदस्यांच्या गोव्यात चार. ज्याच्यामागे दहा आमदारही नाहीत असा हौशी उमेदवार त्यामुळे रिंगणात टिकत नाही. उमेदवार त्याच राज्यातला असण्याची अट २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. उत्तर प्रदेशातील इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून निवडून आले ते याच कारणाने.

मतदारांची यादी

या निवडणुकीचे मतदार म्हणजे राज्याच्या विधानसभेचे निवडून आलेले सदस्य. विधान परिषदेच्या आमदारांना येथे मत नाही. वर्तमानपत्रांत पक्षांचे संख्याबळ सांगताना कधी कधी दोन्ही सभागृहांची बेरीज दिलेली असते, ती येथे उपयोगाची नाही.

२८८ या आकड्यापासून सुरुवात करून एकेक वजाबाकी करत जावी. २०२२ च्या मे महिन्यात शिवसेनेचे आमदार रमेश लटके यांचे निधन झाल्यामुळे २८७ उरले. नवाब मलिक आणि अनिल देशमुख कोठडीत होते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगात असलेल्या व्यक्तीला मतदान करता येत नाही आणि न्यायालयाने त्यांना मतदानासाठी जाण्याची परवानगी दिली नाही. अशा प्रकारे प्रत्यक्ष मतदान २८५ जणांनी केले. ही वजाबाकी एका पक्षाची नुसती दोन मते कमी करून थांबत नाही, विजयासाठी लागणारा आकडाही तिने खाली येतो, आणि तो कसा ते पुढे येईलच.

यानंतर कागदावर दोन-तीन रकाने आखावेत. एका रकान्यात सत्ताधारी आघाडीचे पक्ष, दुसऱ्यात विरोधी पक्ष आणि तिसऱ्यात अपक्ष व छोटे पक्ष. तिसरा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरावा, कारण चुरस असते तेव्हा निकाल तेथेच ठरतो. कोणत्या आमदाराने कोणाला पाठिंबा जाहीर केला आहे, कोण कोणत्या पक्षाबरोबर हॉटेलात मुक्कामाला आहे, कोण अजून काही बोललेला नाही, अशा नोंदी नावानिशी ठेवाव्यात. २०२२ मध्ये भाजपचे स्वतःचे १०६ आमदार होते आणि निकालात त्या पक्षाच्या तिन्ही उमेदवारांना मिळून पहिल्या पसंतीची १२३ मते पडली. वरची १७ मते या तिसऱ्या रकान्यातून आणि मोजणीबाहेर राहिलेल्या नाराजीतून आली.

पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी जाते का, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिल्याबद्दल राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींखाली, अपात्रता येत नाही. पक्ष आपल्या घटनेनुसार शिस्तभंगाची कारवाई करू शकतो, एवढेच. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसच्या सहा आमदारांनी भाजपच्या उमेदवाराला मत दिले आणि पुढे ते अपात्र ठरले, परंतु ते अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश न पाळल्याबद्दल. पैसे घेऊन मत देणे ही मात्र वेगळी बाब आहे. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचे संरक्षण मिळत नाही आणि राज्यसभेच्या निवडणुकीतील मतालाही हेच लागू आहे, असा निर्णय दिला. घोडेबाजार हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यामागे फौजदारी गुन्हा आहे याचा विसर पडतो.

कोटा काढणे

एकापेक्षा अधिक जागा असतील तर प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते. एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि भागाकारात १ मिळवायचा. येणारी संख्या म्हणजे कोटा, म्हणजेच निवडून येण्यासाठी लागणारे मूल्य. जागा एकच असेल तर मतपत्रिकेचे मूल्य १ धरतात आणि एकूण वैध मतांच्या निम्म्यात १ मिळवतात. गोव्यातून राज्यसभेची एकच जागा आहे, तेथे चाळीसही आमदारांनी वैध मतदान केल्यास कोटा २१ होतो.

महाराष्ट्रात सहा जागांसाठी २८८ मते पडली तर २८,८०० ला ७ ने भागून ४,११४ येतात आणि त्यात १ मिळवून कोटा ४,११५ होतो. एका मताचे मूल्य १०० असल्यामुळे ४१ मते अपुरी पडतात आणि ४२ लागतात. मतदानापूर्वी सगळीकडे ४२ हा आकडा बोलला जात होता तो असा आला. परंतु २८५ जणांनी मतदान केल्यावर कोटा ४,०७२ झाला आणि त्यांतील एक मत बाद होऊन २८४ उरल्यावर ४,०५८. म्हणजे ४१ मते पुरेशी झाली. संजय राऊत नेमक्या ४१ मतांवर निवडून आले.

कोटा वैध मतांवर अवलंबून असतो, त्यामुळे बाद होणारे प्रत्येक मत सर्वांसाठी उंबरठा खाली आणते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ८ ऑगस्ट २०१७ ची गुजरातमधील निवडणूक. तीन जागा होत्या आणि १७६ आमदारांनी मतदान केले. सर्व मते वैध धरली असती तर कोटा ४,४०१ झाला असता, म्हणजे ४५ मते. काँग्रेसच्या दोन आमदारांनी आपली मतपत्रिका भाजपच्या प्रतिनिधींना दाखवल्याची तक्रार झाली, आयोगाने चित्रीकरण पाहून ती दोन्ही मते बाद ठरवली आणि १७४ मतांवर कोटा ४,३५१ झाला. काँग्रेसचे उमेदवार अहमद पटेल यांना ४४ मते होती, म्हणजे मूल्य ४,४००. जुन्या कोट्याला ते अवघ्या एकाने कमी पडत होते, नव्या कोट्यात ते निवडून आले. म्हणून वहीत कोटा एकदा लिहून थांबू नये. एक मत बाद झाले तर किती, दोन झाली तर किती, तीन आमदार आलेच नाहीत तर किती, असे चार-पाच कोटे आधीच काढून ठेवावेत.

मतपत्रिका आणि ती बाद होण्याची कारणे

हे मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. आमदाराने उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीक्रम अंकांत लिहायचे असतात, अक्षरांत नाही. पहिली पसंती सक्तीची आहे, पुढच्या ऐच्छिक आहेत. १ हा अंक कोणासमोरच नसेल, दोघांसमोर असेल, एकाच नावासमोर १ बरोबर दुसराही अंक असेल किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण असेल तर मत बाद होते. आयोगाने पुरवलेल्या जांभळ्या पेनाखेरीज दुसरे पेन वापरले तरीही बाद होते. २०१६ मध्ये हरियाणात काँग्रेसच्या अनेक आमदारांची मते वेगळ्या शाईमुळे बाद झाली आणि अपक्ष सुभाष चंद्रा निवडून आले. 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय या निवडणुकीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये रद्द केला.

मतदान खुले असते, परंतु ते कोणापुढे खुले असते हे नीट समजून घ्यावे लागते. राजकीय पक्षाच्या आमदाराने पेटीत टाकण्यापूर्वी मतपत्रिका आपल्याच पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. त्याने ती दाखवण्यास नकार दिला तरी मत बाद आणि दुसऱ्या कोणाला दाखवली तरी बाद. अपक्षाने मात्र ती कोणालाही दाखवायची नसते. २०२२ मध्ये मुंबईत याच मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले. भाजपने जितेंद्र आव्हाड, यशोमती ठाकूर आणि सुहास कांदे यांच्या मतांवर, तर महाविकास आघाडीने सुधीर मुनगंटीवार आणि रवी राणा यांच्या मतांवर हरकत घेतली. आयोगाने चित्रीकरण पाहून फक्त कांदे यांचे मत बाद ठरवले. संध्याकाळी पाचला सुरू व्हायची मोजणी यामुळे मध्यरात्रीनंतरपर्यंत लांबली. अशा रात्री वाहिन्यांवर अमुक जिंकले, तमुक पडले असे बरेच सांगितले जाते. वैध मतांची अंतिम संख्या जाहीर होईपर्यंत त्यातले काहीही वहीत पक्के करू नये.

मोजणी

मतपत्रिकांचे पहिल्या पसंतीनुसार गठ्ठे लावले जातात. २०२२ मध्ये ते असे होते. पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. बेरीज २८४. यांपैकी गोयल, बोंडे आणि महाडिक भाजपचे, बाकीचे चौघे महाविकास आघाडीचे. कोटा ४,०५८ असल्यामुळे पहिले पाच जण लगेच निवडून आले. एक जागा आणि दोन उमेदवार उरले.

आता निवडून आलेल्यांचे आधिक्य, म्हणजे कोट्याच्या वरचे मूल्य, पुढच्या पसंतीकडे जाते. सर्वांत मोठे आधिक्य आधी वाटले जाते. गोयल यांचे मूल्य ४,८०० आणि आधिक्य ७४२, बोंडे यांचेही तेवढेच. गोयल यांच्या ४८ मतपत्रिका उघडून प्रत्येकीवर रिंगणात उरलेल्या उमेदवारांपैकी पुढची पसंती कोणाला आहे ते पाहायचे. मधल्या पसंतीचा उमेदवार आधीच निवडून आला असेल तर त्याला ओलांडून पुढे जायचे. समजा, सर्व ४८ मतपत्रिका अशा रीतीने महाडिक यांच्याकडे जातात. ७४२ ला ४८ ने भागल्यास १५ येतात, अपूर्णांक सोडून दिला जातो आणि प्रत्येक मतपत्रिका १५ या मूल्याने पुढे सरकते. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. बोंडे यांच्या गठ्ठ्यातूनही ७२०. महाडिक यांचे स्वतःचे २,७०० आणि हे १,४४० मिळून ४,१४०, म्हणजे कोट्याच्या पुढे. अशा स्थितीत पवार यांच्याकडे येऊ शकणारी आधिक्ये मोजण्याची वेळच येत नाही. तरीही ती मोजून पाहू. प्रतापगढी यांचे आधिक्य ३४२, ४४ ने भागून ७, एकूण ३०८. पटेल यांचे २४२, ४३ ने भागून ५, एकूण २१५. राऊत यांचे ४२, ४१ ने भागून १, एकूण ४१. पवार यांच्या ३,३०० मध्ये हे मिळवले की ३,८६४ होतात. सर्व आमदारांनी दुसऱ्या पसंती आपापल्या बाजूलाच दिल्या असे गृहीत धरून केलेली ही आकडेमोड आहे, पण ३३ मतांचा उमेदवार का पडला हे समजायला ती पुरते.

यातून एक सोपी चाचणी हाती येते आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट तीच आहे. उमेदवारनिहाय मते पाहू नयेत, बाजूनिहाय एकूण मूल्य पाहावे. महाविकास आघाडीच्या चार उमेदवारांना मिळून १६१ मते, म्हणजे १६,१०० मूल्य होते. चार जागांसाठी ४,०५८ च्या चौपट, म्हणजे १६,२३२ हवे होते. १३२ कमी पडले. भाजपकडे १२३ मतांचे १२,३०० होते आणि तीन जागांसाठी १२,१७४ लागत होते. पहिल्या पसंतीच्या मतांचे वाटप कसेही केलेले असो, ही तुलना केली की कोण कोठे उभा आहे ते मतमोजणीपूर्वीच दिसते.

मग गोयल आणि बोंडे यांना ४१ पुरत असताना ४८ मते का दिली? एक कारण सरळ आहे. दोन-चार मते बाद झाली किंवा फुटली तरी पहिल्या दोन जागा सुरक्षित राहाव्यात आणि जास्तीचे मूल्य वाया न जाता तिसऱ्या उमेदवाराकडे वळावे. ही व्यवस्था दुसऱ्या पसंती शिस्तीने लिहिल्या गेल्या तरच चालते, आणि ती शिस्त आमदारांकडून पाळून घेणे हे काम कागदावरच्या गणितापेक्षा खूप अवघड आहे.

किती आमदार इकडचे तिकडे झाल्याने निकाल फिरला असता, तेही याच आकड्यांवरून काढता येते. महाडिक यांचे एक मत पवार यांच्याकडे गेले असते तर २६ आणि ३४ झाले असते. वरच्याच गृहीतकावर महाडिक ४,०४० आणि पवार ३,९६४. कोटा कोणालाच गाठता येत नाही, तरी शेवटच्या जागेसाठी ज्याचे मूल्य अधिक तो निवडून येतो, म्हणजे महाडिकच. शेवटची जागा कोट्याविनाही जिंकता येते हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोन मते गेली असती तर २५ आणि ३५, म्हणजे महाडिक ३,९४० आणि पवार ४,०६४, आणि पवार कोटा ओलांडून निवडून आले असते. २८४ मतांच्या निवडणुकीचा फैसला दोन आमदारांवर होता. कांदे यांचे मत वैध ठरले असते तर काय, याचेही उत्तर मिळते. कोटा ४,०७२ झाला असता, गोयल आणि बोंडे यांचे आधिक्य ७२८ झाले असते, त्याला ४८ ने भागून पुन्हा १५ च आले असते आणि महाडिक ४,१४० वरच राहून निवडून आले असते.

आधिक्याच्या वाटपात आणखी एक बारकावा आहे. पुढची पसंती लिहिलेल्या मतपत्रिका थोड्याच असतील आणि त्यांचे एकूण मूल्य आधिक्यापेक्षा जास्त नसेल तर त्या मूळच्या पूर्ण मूल्याने पुढे जातात. ७४२ आधिक्य असताना ४८ पैकी सातच मतपत्रिकांवर पुढची पसंती असेल तर त्या सातही १०० च्या मूल्याने सरकतात आणि ७०० देतात. ज्या मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नाही त्या निवडून आलेल्या उमेदवाराकडे राहतात. आधिक्ये संपल्यावरही जागा उरली आणि उमेदवार जास्त असतील तर सर्वांत कमी मूल्याचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका ज्या मूल्याने त्याच्याकडे आल्या होत्या त्याच मूल्याने पुढच्या पसंतीकडे जातात.

बरोबरी झाली तर

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी हिमाचल प्रदेशातील एका जागेसाठी काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांना प्रत्येकी ३४ मते मिळाली. कोटा ३५ होता. निर्णय चिठ्ठ्या टाकून झाला आणि चिठ्ठी सिंघवी यांच्या नावाची निघाली. जिंकले मात्र महाजन. येथे चिठ्ठी विजेता निवडण्यासाठी नव्हे, बाद कोणाला करायचे हे ठरवण्यासाठी काढली, असा नियमाचा अर्थ निवडणूक अधिकाऱ्यांनी लावला. हा अर्थ मान्य नसल्यामुळे सिंघवी यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले.

सरावासाठी एक उदाहरण

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात भाजपला १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. निकालाच्या दिवशीच्या या आकड्यांवर सात जागांची निवडणूक मांडून पाहा. २८,८०० ला ८ ने भागून ३,६०० आणि कोटा ३,६०१, म्हणजे ३७ मते. विरोधी बाजूच्या तीन पक्षांची मिळून ४६ मते, मूल्य ४,६००. एक जागा निश्चित आणि दुसरीसाठी २,६०२ कमी. मात्र तिघांपैकी कोणत्याही एका पक्षाला ती एक जागा एकट्याच्या बळावर मिळत नाही, त्यामुळे उमेदवार कोणाचा हा प्रश्न मतदानापूर्वीच तिघांना आपसांत सोडवावा लागतो. सहा जागा असत्या तर कोटा ४,११५ झाला असता आणि आधिक्य अवघे ४८५ राहिले असते. पोटनिवडणूक असती तर १४५ मते लागली असती आणि विरोधकांना उमेदवार उभा करण्यापलीकडे फारसे काही करता आले नसते.

निकाल जाहीर झाला की प्रत्येक फेरीतील मूल्यांचा तपशील मिळवून आपल्या वहीतील आकड्यांशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक पडला तर बहुधा तो दुसऱ्या पसंतींमुळे असतो. आपण जी पसंती एका बाजूची धरली होती ती काही आमदारांनी दुसरीकडे दिलेली असते किंवा लिहिलेलीच नसते, आणि पहिल्या पसंतीच्या आकड्यांत न दिसणारी फूट येथे दिसते. निकालावर आक्षेप असेल तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात पंचेचाळीस दिवसांच्या आत दाखल करावी लागते, म्हणून तेवढे दिवस तरी ही वही जपून ठेवावी.